बाळंतपण आणि एक उपेक्षित मज्जातंतू

प्रसूतीनंतर काही स्त्रियांना खोकताना लघवी गळते, वायू रोखता येत नाही, अथवा योनिमुखाचा भाग बधिर वाटतो. संकोचामुळे ही तक्रार घरातही सांगितली जात नाही. तिचे एक कारण शरीररचनेत आहे.

बाह्य जननेंद्रियांना संवेदना पुरविणाऱ्या मुख्य मज्जातंतूस ‘प्यूडेंडल’ म्हणतात. हे नाव लॅटिनमधील लज्जावाचक शब्दावरून आले आहे. तेव्हा संकोच केवळ आपल्याकडचाच नव्हे! उजवीकडे एक व डावीकडे एक असे हे मज्जातंतू पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीतून निघतात. ओटीपोटाच्या पोकळीतील एका अणकुचीदार हाडाला वळसा घालून प्रत्येकाच्या तीन शाखा होतात. एक गुदद्वाराकडे, दुसरी योनिओष्ठ व मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूंकडे आणि तिसरी शिश्निकेकडे जाते.

तेच हाड बोटाने चाचपून डॉक्टर बधिरतेचे इंजेक्शन देतात. मात्र योनिओष्ठांच्या पुढील भागाला कमरेतून येणारे निराळे मज्जातंतूही संवेदना पुरवितात. म्हणून इंजेक्शननंतरही टाके घालताना ‘दुखते’ असे स्त्री म्हणाली, तर तो तिचा नाजूकपणा समजू नये. त्या जागी पुन्हा औषध द्यावे.

प्रसूती लांबल्यास बाळाच्या डोक्याच्या दाबाने हा मज्जातंतू ताणला जातो. बहुधा काही महिन्यांत तो पूर्ववत होतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने लघवीवरील ताबा सुधारतो. त्रास टिकून राहिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला तो स्पष्ट शब्दांत सांगावा.