साखळदंड तुटला, प्रश्न कायम राहिला

यवतमाळ : राळेगाव तालुक्यातील चहांद गावात ३ ऑक्टोबर २०१८ रोजी पहाटे घडलेली दुर्घटना परिसरातील नागरिक अद्याप विसरलेले नाहीत. नरभक्षक ठरविण्यात आलेल्या टी-१ अर्थात 'अवनी' वाघिणीच्या शोधमोहिमेसाठी वन विभागाने आणलेला 'गजराज' हा हत्ती साखळदंड तोडून तळावरून निसटला. त्याच्या हल्ल्यात चहांद येथील एका महिलेचा मृत्यू झाला, तर पोहणा येथे एक जण जखमी झाला. ज्यांना वाघिणीच्या दहशतीतून सोडवायचे होते, त्यांच्यापैकीच एकीचा जीव त्या मोहिमेतील हत्तीने घेतला.

या घटनेनंतर मध्य प्रदेशातून आलेले चार हत्तीही परत पाठविण्यात आले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी गोळीने मारली गेली आणि साऱ्या चर्चेचा रोख तिच्याकडे वळला. हत्तीचा प्रश्न मात्र मागे पडला. गजराज ताडोबातील आपल्या छावणीत परतला. तेथे २०१९ मध्ये त्याच्या हल्ल्यात एका माहुताचा आणि मे २०२१ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या लेखा अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तीन वर्षांच्या आत एकाच हत्तीकडून तीन जणांचा बळी गेला.

'हत्ती बिथरला' असे म्हणून अशा घटनांवर पडदा टाकला जातो. हत्ती बिथरण्यामागे एकच कारण क्वचितच असते. त्याच्या शरीराची, मनाची आणि पालनपद्धतीची अनेक कारणे एकत्र येतात.

माज म्हणजे काय?

वयात आलेला नर हत्ती साधारणतः वर्षातून एकदा माजावर येतो. या काळात शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, डोळा व कान यांच्यामधील ग्रंथीतून मद पाझरू लागतो आणि लघवी सतत ठिबकत राहते. ही अवस्था काही आठवडे ते काही महिने टिकते. रानातील नर या काळात मादीच्या शोधात दूरवर भटकतो. पाळीव नराला नेमके याच काळात जाड साखळदंडाने झाडाला वा खुंटाला जखडून ठेवले जाते. त्यामुळे त्याची चीड वाढते आणि रोजच्या माहुतालाही तो जुमानत नाही.

पोट, पाय आणि सोबत

माज नसतानाही बंदिवासातील हत्तीचे हाल संपत नाहीत. रानातील हत्ती दिवसाचे सोळा ते अठरा तास चरत असतो आणि चरता चरता मैलोन्‌मैल चालतो. मोठ्या हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. पिंजऱ्यात हाच चारा आयता मिळतो, काही तासांत संपतो आणि उरलेला दिवस रिकामा जातो. प्राणिसंग्रहालयात एकाच जागी उभे राहून सतत डोलणारा हत्ती पाहून मुले टाळ्या पिटतात. वास्तविक ते डोलणे आनंदाचे नसून मानसिक कोंडमाऱ्याचे लक्षण आहे.

हत्तीच्या तळव्यात मऊ गादी असते आणि ती माती, गवत व चिखल यांसाठी बनलेली आहे. सिमेंटच्या ओट्यावर, स्वतःच्याच लघवीत व लिदीत उभे राहावे लागल्यास नखे चिरतात, तळवे कुजतात, गळवे होतात आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. शिवाय हत्तीला माणसासारखा घाम येत नाही. कान हलवून, अंगावर पाणी व चिखल घेऊन तो उष्णता घालवितो. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला सावली आणि पाण्याची किती गरज असेल, हे यावरून ध्यानात यावे.

हत्ती कुटुंबवत्सलही आहे. माद्या व पिले वडीलधाऱ्या मादीच्या आधाराने कळपात राहतात. झिम्बाब्वेने १९९८ मध्ये भेट दिलेला दिल्ली प्राणिसंग्रहालयातील आफ्रिकी हत्ती 'शंकर' जोडीदार मेल्यानंतर अनेक वर्षे एकटाच होता. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच तो दगावला.

याची किंमत आयुष्यमानातही दिसते. युरोपातील प्राणिसंग्रहालयांतील हत्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यास २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुष्य ४१.७ वर्षे, तर प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या हत्तिणींचे अवघे १८.९ वर्षे आढळले. काबाडकष्टांपेक्षाही पिंजरा अधिक घातक ठरला होता.

नियम आणि वास्तव

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्राणिसंग्रहालये व सर्कशींतील हत्ती राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व वन विभागाच्या छावण्यांत हलविण्याचे निर्देश दिले. तेव्हा देशात २६ प्राणिसंग्रहालये व १६ सर्कशींत मिळून सुमारे १४० हत्ती होते. हत्तीला आवश्यक तेवढी मोकळी जागा शहरातील प्राणिसंग्रहालय देऊ शकत नाही, हे त्यामागील सूत्र होते. तरीही अनेक ठिकाणी हत्ती पिंजऱ्यातच राहिले.

चहांदची घटना याच्याही पुढचा धडा देते. गजराज प्राणिसंग्रहालयातला नव्हता, छावणीतलाच होता. म्हणजे हत्ती जंगलात ठेवला एवढ्यानेच प्रश्न सुटत नाही. परिचित जागेपासून दूर, माणसांच्या व वाहनांच्या वर्दळीत उभारलेल्या तात्पुरत्या तळावर एका मोठ्या नराला सांभाळण्याची सारी भिस्त शेवटी एका साखळदंडावर राहिली.

पर्याय कोणते?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑक्टोबर २००१ मध्ये हत्तीने कर्मचाऱ्याचा जीव घेतला. त्यानंतर काही दिवसांतच तेथील हत्ती शहराबाहेरील व्हिप्सनेडच्या विस्तीर्ण मोकळ्या जागेत हलविण्यात आले. जगातील अनेक ठिकाणी आता हत्ती व कर्मचारी यांच्यामध्ये भक्कम अडसर ठेवला जातो. अंकुशाच्या धाकाऐवजी खाऊचे आमिष दाखवून पाय तपासणे, औषध देणे ही कामे केली जातात. त्यामुळे माणूस सुरक्षित राहतो आणि हत्तीलाही मार बसत नाही. आपल्याकडेही कोल्हापूर जिल्ह्यातील 'सुंदर' हत्तीला २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा येथे हलविण्यात आले.

ताडोबातील हत्ती २०२२ मध्ये गुजरातमधील जामनगरच्या खासगी केंद्रात पाठविण्यात आले, तेव्हा विदर्भात विरोधाचा सूर उमटला. आपला हत्ती परक्या ठिकाणी जाऊ नये ही भावना स्वाभाविक आहे. मात्र हत्ती कोणाचा, या वादात तो कसा ठेवला जातो हा प्रश्न झाकला जाऊ नये.

यवतमाळ जिल्ह्यात रानहत्ती नाहीत, हत्ती ठेवणारे प्राणिसंग्रहालयही नाही. येथे हत्ती येतो तो कामासाठी किंवा फिरस्त्यांसोबत भिक्षेसाठी. म्हणूनच येणाऱ्या हत्तीची वैद्यकीय तपासणी, माजाची नोंद, पूर्वीच्या हल्ल्यांचा इतिहास आणि गावापासूनचे अंतर या बाबी तो ट्रकमध्ये चढण्यापूर्वीच तपासल्या गेल्या पाहिजेत. हत्तीची हेळसांड आणि माणसाचा जीव हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे चहांदने फार मोठी किंमत मोजून दाखवून दिले आहे.