जुनी गाडी घेण्याआधी तिचा मागचा हिशेब पाहा

धंदा थोडा वाढला की मालाची ने-आण करायला घरची गाडी असावी, असे लहान व्यापाऱ्याला व कारागिराला वाटते. नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते. त्यात गैर काही नाही. पण कापडाचा ठोक माल घेताना आपण वरची घडी पाहून समाधान मानत नाही, तागा उलगडून पाहतो. गाडीचा सौदा मात्र चकचकीत रंगावर आणि दलालाच्या गोड जबानीवर होतो. इसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य तपासाव्यात.

नंबर : आर.सी.वरील चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. एखादा आकडा खरवडलेला किंवा बाजूला ताजे वेल्डिंग दिसले तर गाडी चोरीची असू शकते. सौदा तिथेच सोडावा. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नोंदणी, विमा व फिटनेसची मुदत पाहावी. ई-चलनाचा दंड बाकी आहे काय, तेही पाहावे.

बोजा : गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आर.सी.वर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव चढलेले असते. ‘हप्ते कधीच फिटले’ हे तोंडी उत्तर चालत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बोजा उतरत नाही. हप्ते बाकी असतील तर बँक गाडी ओढून नेऊ शकते.

मालक : दलालाकडे पुष्कळदा आधीच सह्या केलेले कोरे फॉर्म असतात. अशा वेळी आर.सी.वरील मालकाला प्रत्यक्ष भेटावे, त्याचे ओळखपत्र पाहावे. मालक मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते.

विम्याचा कागद : हा कागद फार कमी लोक वाचतात. वर्षभर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जाते. ‘गाडीला ओरखडा नाही’ म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर ही सूट शून्य असेल, तर कारण विचारावे. विमा मध्ये तुटला असेल किंवा मालक नुकताच बदलला असेल, तरी सूट शून्य होते. पण अपघाताचा दावाही झालेला असू शकतो.

पाणी आणि किलोमीटर : जुलै २००५ मध्ये मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराने गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि गालिच्याखालचा गाळ पाहावा. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून सर्व्हिसची बिले मागावीत आणि पेडलचे रबर पाहावे. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील तर शंका घ्यावी.

नावावर करणे : पैसे बँकेमार्फत द्यावेत. पावतीवर ताबा घेतल्याची तारीख व वेळ लिहावी. फॉर्म २९ व ३० भरून, गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे कळवावे, असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

हीच काळजी आपली गाडी विकतानाही घ्यावी. गाडी पुढे अनेक हातांत गेली, तरी आर.सी.वर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे नाव बदलले नाही तर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताचे पैसे आपल्या दुकानातून जातील.