जीप उंच करायची? मग मागच्या सीटवरच्यांनाही विचारा!

पूर्वी आमच्या एरंडोलात जीप म्हटली की एक तर सरकारी, नाही तर निवडणुकीच्या प्रचाराची, आणि उरलेली खेड्यांवर फेऱ्या मारणारी काळी-पिवळी. हौसेने घरी जीप ठेवणारे विरळाच. आता गल्लीबोळांतून 'थार' उभ्या दिसतात. गाडी घरात आली की सहा महिन्यांत दुसरी हौस डोकं वर काढते: गाडी 'लिफ्ट' करायची! म्हणजे खालच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून ती इंच-दोन इंच उंच करायची.

हा विषय निघाला की आपण 'चहा ठेवते हं' म्हणून आत जातो. पण मैत्रिणींनो, चांगल्या कंपनीच्या संचाला लाखाच्या आसपास पैसे पडतात. शिवाय मुलंबाळं, सासूबाई आणि आपण त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसणार. तेव्हा चहा जरा उशिराने झाला तरी चालेल.

विषय वाटतो तितका अवघड नाही. टांग्याला खाली लोखंडी पाटे असायचे, आठवतात? महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तिलाही असेच पाटे होते. २०१० साली आलेल्या पहिल्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० च्या थारपासून पुढे-मागे गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. फोर्स कंपनीच्या २०२१ च्या गुरख्यालाही तशाच आहेत. पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून गाडी हादरते. वेटोळ्याची स्प्रिंग मऊ चालते, आणि बदलायलाही सोपी. म्हणूनच ही हौस एवढी वाढली.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं मात्र वेगळी आहेत. शाळेत ऑफिसच्या दाराला वरती एक नळकांडं असतं, ते बघा. आतली स्प्रिंग दार ओढून घेते आणि तेल त्याला सावकाश बंद व्हायला लावतं. तेल गळून गेलं की दार धाडकन आपटतं. गाडीचंही तेच. स्प्रिंग वजन पेलते; शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून जाताना तिचं उसळणं थांबवतं. खड्ड्यातून गेल्यावर गाडी तीन-चार वेळा डुलत राहिली, तर दोष बहुधा स्प्रिंगेचा नसतो, शॉकअप संपलेला असतो. तेव्हा कोणी नुसत्या स्प्रिंगा बदलून देतो म्हणाला, तर सावध व्हा.

स्प्रिंग निवडताना गॅरेजवाला आधी विचारतो, 'किती इंच?' खरा प्रश्न आहे, 'किती वजन?' स्प्रिंगेची तार एक दशांशाने जाड केली, की तिचा ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. थोडासा फरक, पण पाठीला लगेच कळतो. जाड तारेची स्प्रिंग भरल्या गाडीत छान वागते आणि रिकाम्या गाडीत खडखडाट करते. म्हणून गाडीत रोज काय असतं ते कागदावर मांडा. माझे दीर शेती बघतात. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. पाच गोण्या म्हणजे सव्वादोनशे किलो झाले. पण हे ओझं वर्षातून किती दिवस? मोजले तर पंधरासुद्धा भरेनात! बाकीचे साडेतीनशे दिवस गाडीत माणसंच बसतात. ज्यांच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच कायमची लावलेली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पुढची स्प्रिंग ताठ हवीच.

उंच स्प्रिंग घातली तर शॉकअपही तेवढा लांब हवा. जुना आखूड शॉकअप ठेवला, तर चाक खड्ड्यात लोंबलं की तो पूर्ण ताणला जाऊन ठोका बसतो आणि लवकरच निकामी होतो. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीची 'ओल्ड मॅन इमू' ही जोडी आपल्याकडच्या हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर तासन्‌तास हादरे बसून शॉकअपमधलं तेल तापतं, तापलं की पातळ होतं आणि पकड सुटते. त्यासाठीच ती जड बनावटीची असते. एरंडोल ते जळगाव महामार्गाने जाणाऱ्याला एवढ्याची गरज आहे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नाही.

आमच्याकडे विषय निघाला तेव्हा एका गॅरेजवाल्याने स्वस्तातला उपाय सुचवला होता. स्प्रिंग तीच ठेवायची, वर एक जाड ठोकळा बसवायचा. उंची मिळते, पण चाकाला वरखाली व्हायला जास्त जागा मिळत नाही. पाटाखाली विटा ठेवल्यासारखंच की! सासूबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "मंग मी चढू कशी वं माय?" त्यांचे गुडघे दुखतात. धाकट्या जाऊबाईंना तेव्हा सातवा महिना लागलेला, दर पंधरवड्याला जळगावला तपासणी. आधीच शेताच्या रस्त्याने आलं की दोघी कंबर धरून उतरायच्या. त्यात दोन इंचांची भर!

दिरांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत गाडी फसते. पण काळी माती चाकाच्या खाचांत लिंपून बसली की उंच गाडीही जागेवरच फिरते. तिथे कामाला येतो तो टायर. आणखी एक गोष्ट बऱ्याच पुरुषांनाही माहीत नसते. थारच्या मागच्या आडव्या अॅक्सलचा मधला फुगीर गोळा स्प्रिंग बदलल्याने तसूभरही वर जात नाही. अॅक्सल चाकांना धरून असतो, फक्त वरची बॉडी उचलली जाते. गोळा वर न्यायचा तर मोठे टायर लागतात. व्यास दोन इंचांनी वाढला की तो एक इंच वर जातो. कंपनीने थारला जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंचांच्या आत-बाहेर उंची दिलीच आहे. पद्मालयाला किंवा यावलकडे मनुदेवीला जायला ती पुरते. सातपुड्यात दगडधोंड्यांतून खरोखर जाणाऱ्याने दीड-दोन इंचांचा विचार करावा, पण त्यापुढे नको.

कारण उंचीची किंमत वळणावर मोजावी लागते. भार वर गेला की गाडी जास्त कलते, अचानक स्टिअरिंग फिरवलं तर उलटण्याची भीती वाढते. पुढच्या चाकांच्या शाफ्टांचा कोन तिरका होतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी विचारावं. अपघातानंतर विमा नाकारला गेला, तर तो खर्चही घरातूनच जायचा.

आमच्याकडे शेवटी दिरांनी गाडी धक्क्यावर नेऊन शॉकअप तपासले. पासष्ट हजार किलोमीटर झालेले, मागचे दोन्ही तेलाने ओले! मूळ उंचीचेच नवे शॉकअप चारही चाकांना बसवले आणि उरलेल्या पैशांत खोल खाचांचे टायर घेतले. दीर आठवडाभर गप्प होते, मग बी-बियाणं घेऊन शेतात जाऊन आले आणि बोलायला लागले. जाऊबाई शेवटच्या तपासणीपर्यंत त्याच गाडीने गेल्या.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर आधी गाडी सपाट जागी उभी करून बंपर जोरात दाबून सोडायला सांगा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप बदला. ते जोडीनेच बदलावेत, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असं करू नये. टायरवर हात फिरवून बघा, जागोजागी खळगे लागले तरी तीच खूण. आणि स्प्रिंगा बदलायचंच ठरलं, तर काढलेल्या जुन्या स्प्रिंगा गॅरेजात सोडून येऊ नका. पुढे गाडी विकताना घेणारा त्याच मागतो. माळ्यावर पोत्यात बांधून ठेवा, आणि पोत्यावर 'थार' असं लिहा, नाही तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातील.