औषधांच्या पिशवीत काय आहे, हे विचारूया

लोकलमधून पडून किंवा बाइक घसरून हाड मोडलेली वस्तीतली मुले ऑपरेशननंतर घरी येतात. कळव्यातले महापालिकेचे रुग्णालय असो वा खासगी, डिस्चार्जच्या वेळी औषधांची पिशवी आपल्या हाती येते. तिच्यात ट्रॅमाडॉल असेल, तर ती दुखण्यावरची साधी गोळी नव्हे. ते अफूच्या जातीचे, म्हणजे ओपिऑइड औषध आहे. २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली येते. जास्त घेतले तर श्वास मंदावतो, रोज घेत राहिले तर शरीराला सवय लागते. १२ वर्षांखालील मुलांना, तसेच टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर १८ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बजावले.

मग मुलांनी दुखणे सोसायचे का? मुळीच नाही. तथागतांनी आजारी भिक्खूंना औषधाची मुभा दिली होती. पाचवे शील नशेच्या विरोधात आहे, उपचाराच्या नाही.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारूया: पॅरासिटामॉलने भागेल का? ही गोळी नेमकी किती दिवस? उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे? पाकीट घरातल्या मोठ्यांनी सांभाळावे. मित्राला एकही गोळी देऊ नये. चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा आहे.

सवय लागलेल्या मुलाला गुन्हेगार ठरवू नका. डॉक्टरांकडे न्या किंवा १४४४६ या मोफत क्रमांकावर बोला. रविवारच्या वंदनेनंतर विहारात हे तीन प्रश्न आपण सांगूया.

जयभीम!