उसाच्या सरीत घरची डाळ



ऊस आपल्याला पैसा देतो, पण ताटात डाळ देत नाही. हिरव्यागार शिवारात राहून आपण डाळ मात्र दुकानातून किलो-दोन किलो आणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या रोजच्या आहारात डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम असावीत, साखर बेताने खावी, असे सांगितले आहे. साखर पिकवणाऱ्यांनीही हे कानाआड करू नये. भाकरीत प्रथिनांचा जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो. वाढत्या वयाच्या पोरांना म्हणूनच भाकरीबरोबर डाळ-उसळ हवी.

मग ऊस सोडायचा काय? मुळीच नाही. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत ऊस पहिले तीन-साडेतीन महिने सावकाश वाढतो. मधली जागा रिकामी राहून तण माजते. नेमका हाच हरभऱ्याच्या पेरणीचा काळ. तो साधारण ११० दिवसांत निघतो, म्हणजे मोठ्या बांधणीआधी रान मोकळे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय किंवा दिग्विजय वाण घ्यावे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळून, सावलीत सुकवून वरंब्यावर १० सें.मी. अंतराने टोकण करावी. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरतात. म्हणून काढणीला झाड उपटू नका, विळ्याने कापा. मुळे आणि गळलेला पाला रानातच कुजू द्या. मात्र एवढ्यावर उसाच्या खताला कात्री लावू नका.

दोन गोष्टी सांभाळा. हरभऱ्याला पाणी बेताचे लागते. सरी तुंबली की तो पिवळा पडतो, मर लागते. निचरा नसलेल्या रानात हा खटाटोप नकोच. दुसरे, उसात अॅट्राझीन मारले तर तणाबरोबर हरभराही जातो. तेव्हा खुरपणीच करावी.

हरभरा सरकारच्या हमीभावाच्या यादीत आहे. घरापुरती डाळ ठेवून उरलेला माल विकला, तर ऊस तुटायच्या कितीतरी आधी हाती चार पैसे येतील. यंदाच्या लागणीत निदान दहा गुंठ्यांत करून पाहा. पटले तर पुढच्या साली वाढवा.