फ्रान्सच्या खेड्यांतील शांत रस्ते आणि सायकलीचा प्रवास

शेतीचा हिशेब करतांना आपण जमीन, पाणी, बीं, खत आणि बैल यांचा विचार बारकाईनें करतों. परंतु शेतापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा हिशेब बहुधा करीत नाहीं. रस्ता हें सरकारचें काम, असें म्हणून आपण मोकळे होतों. या दृष्टीनें फ्रान्स देशांतील खेड्यापाड्यांच्या लहान रस्त्यांची हकीकत मनन करण्यासारखी आहे. हल्ली अनेक देशांचे सायकलस्वार या रस्त्यांवरून दिवसेंदिवस हिंडण्यासाठीं येतात, आणि त्यांच्या येण्यानें तेथील शेतकऱ्यांच्या पदरीं चार पैसे पडतात. परंतु हे रस्ते सहलीसाठीं झालेले नाहींत. ते शेतकऱ्यांच्या गाड्यांसाठीं झाले आणि बऱ्याच अंशीं शेतकऱ्यांच्याच श्रमानें झाले. ते कसे झाले, इतके शांत कां आहेत, त्यांवरून प्रवास कसा करावा, आणि त्यांत तेथील कुणब्यास लाभ काय व तोशीस काय, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

रस्ते कसे झाले

राजेशाहीच्या काळीं फ्रान्समध्यें मोठ्या रस्त्यांसाठीं शेतकऱ्यांकडून वेठ घेत असत. त्युर्गो या मंत्र्यानें १७७६ सालीं ती बंद केली. त्याच वर्षीं ती पुन्हां सुरू झाली, आणि १७८७ सालीं कायमची गेली. ही वेठ राजमार्गांसाठीं असे; गांवोगांवच्या वाटांकडे पाहणारा कोणी नव्हता. हिंवाळ्याच्या चिखलांत गाड्या रुतत आणि घरचें धान्य घरींच राही.

ता. २१ मे १८३६ च्या कायद्यानें ही स्थिति पालटली. गांवरस्त्यांची निगा राखणें हें प्रत्येक कम्यूनचें, म्हणजे ग्रामसंस्थेचें, बंधनकारक काम ठरलें. त्यासाठीं गांवास जास्तींत जास्त तीन दिवसांचें काम मागतां येत असे. कुटुंबांतील १८ ते ६० वर्षांच्या प्रत्येक धडधाकट पुरुषामागें, प्रत्येक गाडीमागें व ओढकामाच्या प्रत्येक जनावरामागें हा आकार बसे. ज्यास काम करावयाचें नसेल त्यानें ठरल्या दरानें रोकड भरावी, अशी मुभा होती. कामावर देखरेख करण्यासाठीं जाणते अंमलदार नेमले गेले. हा भारही कित्येकांस जड वाटे, परंतु जुन्या वेठींत आणि यांत मोठा भेद होता: ज्यानें खडी टाकली त्याचीच गाडी दुसऱ्या दिवशीं त्या रस्त्यावरून बाजारास जात असे.

पुढें १९५९ सालीं हे रस्ते कम्यूनच्या सार्वजनिक रस्त्यांत सामील झाले, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कम्यूनच्या अंदाजपत्रकांत आजही टाळतां येत नाहीं. देशांतील एकंदर रस्ते सुमारें ११ लाख किलोमीटर आहेत. पैकीं सुमारें ७ लाख किलोमीटर कम्यूनांचे, आणि पावणेचार लाखांहून अधिक दपार्तमांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांचे आहेत. राष्ट्रीय रस्ते व मोटारींचे महामार्ग मिळून वीस-पंचवीस हजार किलोमीटर भरतात, आणि लांबच्या वाहतुकीचा मोठा भार तेच उचलतात. बाकीचें विस्तीर्ण जाळें ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकलस्वार यांच्यासाठीं मोकळें राहतें.

ही शांतता कोठून आली

मात्र ही शांतता सर्वस्वीं सुखाची नव्हे. १९७० सालीं फ्रान्समध्यें सुमारें १६ लाख शेतवाड्या होत्या; २०२० च्या शेतकी गणतींत त्या ३ लाख ९० हजार उरल्या. जमीन पडीक झाली नाहीं. ती थोड्या हातांत गेली. ईशान्येकडील मज नदीच्या मुलखापासून नैर्ऋत्येकडील लांदपर्यंत विरळ वस्तीचा एक तिरपा पट्टा पसरला आहे, त्यास तेथील भूगोलकार ‘शून्याचा कर्ण’ म्हणतात. तेथें कित्येक गांवीं शाळा मिटली, रोटीवाला गेला, आणि चर्चच्या घंटेखेरीज दुसरा आवाज नाहीं. प्रवाशास जी निवांत वाट गोड वाटते, तिच्या कडेचीं कुलुपबंद घरें हें तिचें मोल आहे, हें विसरतां कामा नये.

वाट कशी निवडावी

फ्रान्समध्यें सायकलीच्या सहलीची परंपरा जुनी आहे. सांत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही हा रेशमाच्या धंद्यांतील गृहस्थ १८८७ पासून सायकलस्वारांसाठीं एक मासिक चालवीत असे. ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें तो प्रसिद्ध झाला. चढणीसाठीं सायकलीस वेगवेगळ्या गतीचीं चक्रें असावींत, याचा त्यानें आयुष्यभर पुरस्कार केला. १९३६ सालीं कामकऱ्यांस भरपगारी रजा मिळण्याचा कायदा झाला, तेव्हां शहरांतील पुष्कळ जोडपीं सायकलीवरूनच खेडीं पाहण्यास बाहेर पडलीं.

वाट निवडण्याचें मुख्य साधन नकाशा. मिशेलिन कंपनीच्या प्रसिद्ध नकाशांत एका सेंटिमीटरास दोन किलोमीटर असें प्रमाण असतें. त्यांत तांबड्या रेषेचे रस्ते वर्दळीचे, पिवळे मध्यम, आणि पांढरे लहान असतात. ज्या रस्त्याच्या कडेस हिरवी रेघ असेल तो देखाव्याचा समजावा. जाणता सायकलस्वार तांबडी रेषा टाळतो आणि पांढऱ्या रेषांची माळ ओवतो. दपार्तमांच्या रस्त्यांवर पिवळ्या माथ्याचे मैलाचे दगड दिसतात व त्यांवर रस्त्याचा क्रमांक असतो, त्यामुळें सहसा वाट चुकत नाहीं.

रस्त्याचे नियमही ठाऊक असावे. गांवाबाहेर सायकलस्वारास ओलांडतांना मोटारीनें दीड मीटर, आणि गांवांत एक मीटर अंतर ठेवलें पाहिजे. मध्यें दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यांवर ता. १ जुलै २०१८ पासून वेगाची मर्यादा तासास ८० किलोमीटर झाली. पुढें कांहीं विभागांनीं आपल्या रस्त्यांवर ती पुन्हां ९० केली. रात्रीं किंवा धुक्यांत गांवाबाहेर चमकणारें जाकीट घालणें सायकलस्वारास सक्तीचें आहे. लहान गांवांतील दुकानें दुपारीं दोन तास बंद असतात व सोमवारीं पुष्कळदां उघडतच नाहींत, म्हणून शिदोरी सकाळींच घ्यावी. पाणी हवें असल्यास गांवची दफनभूमि गांठावी. तेथें फुलझाडांसाठीं बहुधा नळ असतो, मात्र पाणी पिण्याजोगें नसल्याची पाटी आहे कीं काय हें आधीं पाहावें.

शेतकऱ्यानें पाहण्याजोग्या कांहीं वाटा

पहिली वाट दक्षिणेंतील कानाल द्यु मिदी या कालव्याच्या कांठची. पिएर-पॉल रिके यानें १६६६ ते १६८१ या काळांत हा २४० किलोमीटरांचा कालवा तुलूज शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत नेला. काम पुरें होण्यापूर्वीं, १६८० सालीं, तो वारला. नोरूझ येथें कालवा समुद्रसपाटीपासून सुमारें १९० मीटर उंचीवर आहे, आणि तेथें पाणी कोठून आणावें हाच खरा प्रश्न होता. रिकेनें उत्तरेकडील ‘काळ्या डोंगरा’चे ओढे पाटांनीं वळविले व सां-फेरेओल येथें मोठें धरण बांधलें. पाटबंधाऱ्याचें काम जाणणाऱ्यानें ही योजना अवश्य पाहावी. ज्या वाटेनें घोडे बोटी ओढीत, तिच्यावरून आतां सायकली चालतात. तुलूजपासून सुमारें ५० किलोमीटर ती डांबरी आहे, पुढें खडबडीत होते.

या वाटेवरच्या लोरागे प्रांताशीं हिंदुस्थानचा जुना संबंध आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकांत येथें पास्तेल नांवाची वनस्पति पिकत असे. तिच्या पानांच्या गोळ्यांपासून निळा रंग निघे, आणि त्या व्यापारावर तुलूजच्या सावकारांनीं वाडे बांधले. पुढें धर्मयुद्धें झालीं आणि हिंदुस्थानांतून समुद्रमार्गें नीळ येऊं लागली. तेव्हां हें पीक बसलें. त्याच नीळीवर आपल्याकडे पुढें कृत्रिम रंगानें हाच प्रसंग आणला. एकाच पिकावर विसंबणाऱ्या मुलखाची गति दोन्हीकडे सारखीच झाली.

याच कालव्यावर दुसरा धडाही मिळतो. कांठावर सुमारें ४२,००० प्लेन वृक्षांची सावली होती. २००६ सालीं त्यांत बुरशीचा एक असाध्य रोग आढळला. शेजारच्या झाडांच्या मुळ्या गुंतलेल्या असल्यामुळें, तसेंच पाण्यानें आणि हत्यारांनींही, तो पसरत गेला, आणि हजारों झाडें तोडून जाळावीं लागलीं. आतां नवी लागवड एकाच जातीची न करतां अनेक जातींची करितात.

दुसरी वाट बर्गंडी प्रांतांतील. झिव्री ते क्लुनी या टप्प्यावर बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावर १९९७ सालीं सायकलींसाठीं ४४ किलोमीटरांची ‘हिरवी वाट’ उघडली. चढ अल्प, मोटारींस मनाई, आणि दोहोंबाजूंस द्राक्षमळे व शारोले जातीच्या पांढऱ्या गुरांचीं कुरणें. याच प्रांतांत बर्गंडीचा कालवा १८३२ सालीं पुरा झाला. त्याची लांबी २४२ किलोमीटर असून त्याच्याही कांठानें जातां येतें.

तिसरी ल्वार नदीच्या कांठची, नेव्हेरजवळून अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारें ९०० किलोमीटर. तिच्यावर खुणेच्या पाट्या जागोजागीं असल्यामुळें नवख्यानें येथूनच आरंभ करावा. चौथी वाट म्हणजे एक वाट नव्हे, तर नैर्ऋत्येकडील झेर हा सबंध विभाग: सूर्यफूल, मका, लसूण आणि बदकें यांचा टेकड्याटेकड्यांचा मुलूख. येथें सपाटी थोडी, म्हणून दिवसास ५० किलोमीटरही पुरे होतात.

लाभ आणि तोशीस

या प्रवाशांचा शेतकऱ्यास उपयोग कसा होतो? १९५१ सालीं आल्प्स पर्वताच्या दक्षिणेकडील एका विभागांत, एमिल ओबेर या सेनेटरच्या खटपटीनें, रिकाम्या शेतघरांत पाहुण्यांस भाड्यानें ठेवण्याची पहिली सोय झाली. १९५५ सालीं तिची देशव्यापी संस्था बनली. १९८८ पासून शेतकी मंडळांनीं ‘शेतावर या’ अशा अर्थाच्या नांवाखालीं शेतावरची विक्री, जेवण आणि बिऱ्हाड यांची व्यवस्था एकत्र आणली. सायकलस्वारांसाठीं निराळें प्रमाणपत्रही आहे. खुणेच्या मार्गापासून पांच किलोमीटरांच्या आंत राहून जो यजमान सायकलीस बंदिस्त जागा व दुरुस्तीचीं हत्यारें ठेवतो, त्यास तें मिळतें. मोटारवाला गांव ओलांडून जातो. सायकलस्वार थांबतो, भुकेला असतो, आणि ओझें नको म्हणून थोडें थोडें पण रोज विकत घेतो. चीज, फळें व मध यांच्या किरकोळ विक्रीस असें गिऱ्हाईक फार उपयोगी.

तोशीसही आहे. बीट काढण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडतो व सायकल घसरते. तो साफ करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावरच असते. अरुंद वाटेवर कापणीचें यंत्र येतें, तेव्हां कोणीं बाजूस व्हावें यावरून बोलाचाल होते. समंजस प्रवासी अशा वेळीं उतरून उभा राहतो, कारण एकाची ती रजा आहे, दुसऱ्याचा तो हंगाम आहे.

याहून गंभीर हानि निराळी आहे. जमिनींच्या एकत्रीकरणांत यंत्रांस मोठीं शेतें हवीं म्हणून बांधावरचीं कुंपणझाडें काढलीं गेलीं. १९५० पासून सुमारें ७० टक्के कुंपणें नाहींशीं झालीं असें मानितात. त्यांबरोबर सावली गेली, पांखरें गेलीं, उतारावरची माती धुपूं लागली. शेतांतून जाणाऱ्या कच्च्या वाटांचीही तीच गत झाली. त्यांच्या दुरुस्तीचें बंधन कम्यूनवर नाहीं, आणि लोकांचा वापर सुटला कीं त्या विकतांही येतात. म्हणून कित्येक वाटा नांगराखालीं गेल्या. आतां कुंपणें पुन्हां लावण्यासाठीं सरकार पैसा देतें. म्हणजे काढण्याचा खर्च एका पिढीनें केला आणि लावण्याचा दुसरीनें.

आमच्या वाचकांपैकीं थोडेच त्या देशीं जातील. परंतु पाणंद प्रत्येकाच्या शेतास लागून आहे. ती दरवर्षीं तासभर नांगरानें खाण्याचा मोह कोणास नसतो? फ्रान्सची हकीकत एवढेंच सांगते कीं, ज्या वाटेची निगा नेमून दिली आणि जिचा खर्च दरसाल बाजूस काढला, ती दोनशें वर्षें टिकली, आणि तिनें ज्यांची कल्पनाही नव्हती असे लाभ नातवांस दिले. जी वाट कोणाचीच नव्हती, ती कोणासच उरली नाहीं. पावसाळ्यापूर्वीं एक दिवस गांवानें मिळून पाणंदेची मोजणी करावी, चर काढावे, आणि कडेस झाडें लावावीं, एवढी आमची सूचना आहे.