बुटक्या शर्यती मोटारी आणि त्यांना जपणारी माणसे

मंडळी, मोटार तुम्ही रोज पाहता. एस.टी. पाहता, ट्रक पाहता, जीपगाडी पाहता. आज आम्ही तुम्हांला एका वेगळ्याच मोटारीची हकिकत सांगणार आहोत. ही मोटार अमेरिकेतली. तिला तिकडे ‘मिजेट’ म्हणतात. मिजेट म्हणजे बुटकी, ठेंगणी.

ही गाडी खरोखरच बुटकी असते. पुढचे चाक आणि मागचे चाक यांत अंतर केवढे? अवघे साडेपाच ते सव्वासहा फूट. वजन सुमारे ४०० किलो. म्हणजे एखाद्या थोराड म्हशीइतके. बसायला जागा एकाच माणसाची. दार नाही, दिवा नाही, भोंगा नाही, टप नाही. नुसते शर्यतीसाठी बनवलेले यंत्र!

आणखी गंमत ऐका. जुन्या बुटक्या गाडीला स्वतःहून सुरू होता येत नसे. मागून दुसऱ्या गाडीने धक्का द्यायचा, मग इंजिन फुरफुरायचे. आपल्याकडे बंद पडलेली गाडी ढकलतात ना, तसेच. फरक एवढाच, की ही गाडी चांगली असली तरी ढकलावीच लागे. तिला क्लच नसे. सुरू करायला लागणारे यंत्रही नसे. वजन वाढेल असे काहीही गाडीवर ठेवायचे नाही, असा नियमच होता म्हणा ना.

या गाड्या आल्या कोठून?

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले. लाखो माणसे बेकार झाली. मोठ्या शर्यती मोटारी फार महाग. त्या घेणार कोण? पण माणसाच्या हाताची हौस मंदीने मरत नाही. गॅरेजात काम करणाऱ्या मिस्त्रींनी लहान गाड्या बनवायला घेतल्या. कोणी मोटारसायकलचे इंजिन बसवले. कोणी नावेला लावायचे इंजिन बसवले. पत्रा कोठला, तर भंगारातला.

४ जून १९३३ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील सॅक्रामेंटो या शहरात अशा गाड्यांची पहिली रीतसर शर्यत झाली. त्याच वर्षी १० ऑगस्टपासून लॉस एंजेलिस शहरात एका हायस्कूलच्या मैदानावर दर आठवड्याला शर्यती होऊ लागल्या. गाडी लहान, म्हणून मैदानही लहान चाले. मुले जेथे धावण्याच्या शर्यती लावतात, तेथेच या गाड्या धावत. १९३४ साली लॉस एंजेलिसमध्ये गिल्मोर स्टेडियम उभे राहिले. हे मैदान खास बुटक्या गाड्यांसाठी बांधलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात हा खेळ समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी पोचला.

लोकांना हा खेळ का आवडला? मोठ्या शर्यतीत गाडी समोरून जाते आणि दिसेनाशी होते. येथे तसे नाही. मैदान लहान, त्यामुळे सगळी शर्यत डोळ्यांसमोर. रात्री दिव्यांच्या उजेडात खेळ चाले. कामकरी माणूस दिवसाचे काम आटोपून बायकोपोरांना घेऊन येई.

मातीवर गाडी कशी वळते?

पुष्कळ मैदाने मातीची असत. शर्यतीआधी माती भिजवून दाबून घेत. अंगण चोपून सडा घालतात, तसेच. गाड्या नेहमी डावीकडे वळत. चालवणारा वळणावर गाडी भरधाव नेई. मग मागची चाके उजवीकडे घसरू लागत. आता गाडी गरकन फिरून उलटी तोंड करणार! अशा वेळी तो पुढची चाके उजवीकडे वळवी. गाडी डावीकडे जाते आहे आणि पुढची चाके उजवीकडे पाहत आहेत! गाडी तिरपी घसरत घसरत वळण पार करी. हे पुस्तकात वाचून येत नाही. बैलाचा कासरा किती ओढावा हे जसे हातालाच कळते, तसेच हे.

दोन कारागीर

या खेळात दोन नावे मोठी आहेत. पहिले फ्रेड ऑफेनहाउझर. हे हॅरी मिलर नावाच्या इंजिनवाल्याच्या कारखान्यात मिस्त्री होते. १९३३ साली मिलरचे दिवाळे निघाले. कारखाना बुडाला, पण मिस्त्रीच्या हातातील विद्या बुडाली नाही. ऑफेनहाउझर यांनी अवजारे विकत घेतली आणि काम पुढे चालू ठेवले. १९३४ साली त्यांनी बुटक्या गाडीसाठी चार सिलिंडरांचे लहान इंजिन तयार केले. लोक त्याला लाडाने ‘ऑफी’ म्हणू लागले. हे इंजिन एवढे जोरकस निघाले, की इतर इंजिनांची त्याच्यापुढे डाळ शिजेना. पण ते महाग होते. ज्याच्या खिशात पैसा कमी, तो फोर्ड कंपनीचे ६० अश्वशक्तीचे लहान इंजिन बसवी आणि हाताच्या कसबाने ऑफीशी टक्कर देई.

दुसरे फ्रँक कर्टिस. यांचे आईबाप क्रोएशिया या देशातून अमेरिकेत आलेले. वडील लोहारकाम करीत. कर्टिस यांनी पोलादी नळ्या जोडून गाडीचा सांगाडा बनवला. हलका आणि मजबूत. त्यांच्या कारखान्यातून शेकडो बुटक्या गाड्या बाहेर पडल्या. कोणी तयार गाडी घेई. कोणी नुसते सुटे भाग घेई आणि घरी जोडी. पुढे कर्टिस मोठ्या गाड्याही बनवू लागले. अमेरिकेतील सर्वांत मोठी शर्यत इंडियानापोलिस येथे होते. ती ५०० मैलांची असते. १९५० ते १९५५ या सहा वर्षांत पाच वेळा कर्टिस यांच्या गाडीने ती जिंकली.

बुटक्या गाडीत शिकून मोठी झालेली माणसेही पुष्कळ. बिल वुकोविच हा असाच एक. इंडियानापोलिसची शर्यत त्याने १९५३ आणि १९५४ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. तिसऱ्या वर्षी, १९५५ साली, तो त्याच शर्यतीत सर्वांच्या पुढे होता. तेवढ्यात अपघात झाला आणि तो जागीच गेला. रॉजर वॉर्ड याची गोष्ट वेगळी. १९५९ साली लाईम रॉक येथे त्याने बुटकी गाडी आणली. समोर महागड्या युरोपी गाड्या. लोक हसले असतील. पण शर्यत बुटकीनेच मारली.

भरती आणि ओहोटी

१९४२ साली महायुद्धामुळे अमेरिकन सरकारने मोटारशर्यती बंद केल्या. रबर आणि तेल लढाईला हवे होते. १९४५ साली युद्ध संपले, बंदी उठली, आणि लोकांची झुंबड उडाली. काही भागांत आठवड्याच्या प्रत्येक रात्री कोठे ना कोठे शर्यत असे. पण अति झाले की माती होते. रोजच शर्यत, मग नवल कसले? लोकांना साध्या मोटारींच्या शर्यती अधिक आवडू लागल्या. घरोघरी टेलिव्हिजन आला. १९५० नंतर गिल्मोर स्टेडियम पाडले गेले. त्या आवारात काय उभे राहिले ठाऊक आहे? टेलिव्हिजनचे केंद्र!

खेळ अजिबात मेला नाही. १९८७ पासून ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात जानेवारी महिन्यात छपराखाली मोठी शर्यत होते. पण जुन्या गाड्या मागे पडल्या. काही भंगारात गेल्या. काही कोठारात कडब्याखाली गंजत पडल्या.

जपणारी माणसे

आता आमचा खरा मुद्दा. या टाकून दिलेल्या गाड्या शोधणारी माणसे निघाली. कोणी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून शर्यत पाहिलेला. कोणाचा काका मिस्त्री होता. कोणी स्वतः गाडी चालवलेला. ही माणसे कोठारे धुंडाळतात, गंजलेला सांगाडा घरी आणतात आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर खपतात.

काम सोपे नाही. पहिला प्रश्न, ही गाडी कोणाची? एका गाडीचे पाच मालक झालेले असतात. इंजिन बदललेले, पत्रा बदललेला, रंग तर दहादा बदललेला. मग रंगाचे थर एकेक खरवडून पाहतात. खाली जुना आकडा सापडतो. सांगाड्याचे जोड पाहतात, कारण प्रत्येक कारागिराची जोडण्याची तऱ्हा निराळी.

दुसरा प्रश्न, गाडी किती नवी करावी? काही म्हणतात, आरशासारखी चकचकीत करा. काही म्हणतात, पोचे आणि ओरखडे तसेच राहू द्या, तोच तिचा इतिहास. आम्हांला दुसरे म्हणणे पटते. पण गंजलेली नळी तशीच ठेवून गाडी चालवली तर जीव जाईल. म्हणून जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे भाग बदलावा आणि बदल लिहून ठेवावा, हा मार्ग बरा.

तिसरी गोष्ट धोक्याची. जुन्या गाडीत माणसाच्या डोक्यावर लोखंडी पिंजरा नसे. गाडी उलटली की सगळा भार मानेवर. कित्येक तरुण या खेळात मेले. हे विसरून नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. म्हणून आता जुन्या गाड्या बेताने, नुसत्या दाखवण्यासाठी फिरवतात. जुन्या पोलादाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. त्या शोधायला लोहचुंबक आणि लोखंडाची पूड वापरतात. चीर असेल तेथे पूड गोळा होते. या गाड्यांत मिथेनॉल नावाचे इंधन वापरतात. ते पेटले तर दिवसा ज्वाळा दिसत नाही! शिवाय ते टाकीत पडून राहिले तर धातू खाते. म्हणून गाडी फिरवून झाली की टाकी रिकामी करतात. वंगणासाठी जुन्या काळी एरंडेलही वापरत. तो जळका वास नाकात शिरला, की म्हाताऱ्यांना आपले तरुणपण आठवते.

विस्कॉन्सिन राज्यातील सन प्रेअरी गावी शर्यतीच्या मैदानाशीच १९८४ साली एक संस्था निघाली. बुटक्या गाड्यांचे नामांकित चालक, मिस्त्री आणि मालक यांची नावे तेथे सन्मानाने नोंदवतात. मिस्त्रीचे नाव चालकाच्या शेजारी! हे आम्हांला फार आवडले.

गाडीपेक्षा मोठी वस्तू

तुम्ही म्हणाल, मास्तर, या खटाटोपाने कोणाचे पोट भरते? खरे आहे, पोट भरत नाही. उलट पैसा जातो. शिवाय दुसरेही एक दुखणे आहे. जुन्या गाडीला किंमत आली, की नकली गाड्या निघतात. नवा सांगाडा बनवायचा आणि अमक्या नामांकित चालकाची गाडी म्हणून विकायचा. खरेखोटे कसे ठरवणार?

येथेच गाडीपेक्षा मोठी वस्तू पुढे येते. ती म्हणजे लिहिलेला कागद. जुना फोटो, शर्यतीचे पत्रक, मिस्त्रीची वही. फोटोच्या पाठीवर तारीख, गाव आणि माणसांची नावे असतील, तर तो फोटो साक्ष देतो. पाठ कोरी असेल, तर फोटो मुका. फोटोत चार माणसे हसत उभी आहेत, गाडी चमकते आहे, पण कोण, कोठे, केव्हा? सांगणारा गेला, की उत्तरही गेले. लोखंड पुन्हा घडवता येते. गेलेल्या माणसाची आठवण पुन्हा घडवता येत नाही. म्हणून शहाणे शौकीन आधी म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जातात, त्याच्याजवळ बसतात, विचारतात आणि लिहून घेतात. गाडी नंतर.

आम्ही चाळीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवली. अक्षर कशासाठी, असे पुष्कळांनी विचारले. पत्र वाचायला, सही करायला, सावकाराचा कागद पाहायला, असे आम्ही सांगत असू. ते खरेच आहे. पण हेही एक कारण आहे.

तुमच्या घरी भिंतीवर एखादा जुना फोटो असेल. आज रात्री तो खाली काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, हे कोण, हे कोठले, हे केव्हाचे? जे सांगतील ते त्या फोटोच्या पाठीवर तुमच्या हाताने लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. वाचता आले म्हणजे झाले.